शेवटची तुकडी : शालेय स्पर्धेचा इतिहास आणि त्याचे पडद्यावरील रूप

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय नवी मुंबईत, वाशीच्या सेक्टर १६-अ मध्ये आहे. मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतील दहावी-बारावीच्या परीक्षांचा कारभार येथून चालतो. लाखो मुलामुलींच्या आयुष्याचा पहिला जाहीर निवाडा ज्या कचेरीत नोंदवला जातो, ती कचेरी मुंबईच्या जुन्या वस्तीत नाही. अवघ्या अर्धशतकापूर्वी भातखाचरे आणि मिठागरे असलेल्या भूमीवर आखून वसवलेल्या शहरात ती आहे. हा योगायोग असला, तरी शालेय स्पर्धेच्या इतिहासाकडे पाहण्यासाठी तो सोयीचा आहे.

परीक्षांचा इतिहास सामान्यतः कायदे, शासननिर्णय, आयोगांचे अहवाल आणि निकालाचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. या साधनांतून व्यवस्था कशी बदलली ते कळते. तिच्या आत बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला काय वाटत होते, ते मात्र कळत नाही. त्यासाठी अभ्यासकाला आत्मचरित्रे, कादंबऱ्या आणि अलीकडच्या काळात चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांच्याकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात अशा दोन कलाकृती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या आहेत. पहिली, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' (२००२) हा मराठी चित्रपट. दुसरी, दक्षिण कोरियाच्या केबीएस या सार्वजनिक वाहिनीची 'स्कूल २०१३' ही सोळा भागांची मालिका. दोन्हींच्या केंद्रस्थानी एक बदनाम वर्ग आहे आणि त्या वर्गावर विश्वास ठेवणारा शिक्षक आहे. मात्र या दोन वर्गखोल्यांत कोण बसले आहे आणि कोण बसलेले नाही, हा प्रश्न विचारला की दोन समाजांचा वेगळा इतिहास समोर येतो. त्या इतिहासाच्या प्रकाशात नवी मुंबईसारख्या शहराचे वेगळेपणही दिसू लागते.

मॅट्रिकपासून गुणवत्ता यादीपर्यंत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या उत्तीर्णांपैकी होत. मॅट्रिक ही त्या काळी विद्यापीठाच्या दारावरची चौकी होती. तिच्यापलीकडे सरकारी नोकरी, वकिली, शिक्षकी असे मार्ग फुटत. अलीकडे शेती, बलुते किंवा वडिलार्जित व्यवसाय राहत असे. उत्तीर्ण होणे हीच मोठी गोष्ट असल्याने क्रमांकाचे महत्त्व मर्यादित होते. तरीही क्रमांकाची प्रतिष्ठा याच काळात रुजली. संस्कृत विषयात सर्वप्रथम येणाऱ्यास दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती १८६६ पासूनची. 'शंकरशेट मिळवली' हे वाक्य पुढे कित्येक मराठी घरांत पिढ्यानपिढ्या सांगितले गेले.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे आली. १९६५ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेले राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अकरावीची शालान्त परीक्षा जाऊन दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि दहावी व बारावी असे दोन टप्पे तयार झाले. या बदलाचा एक परिणाम पुरेसा नोंदवला गेलेला नाही. पूर्वी मुलाला एकदा चाळणीतून जावे लागे; आता दोन वर्षांच्या अंतराने दोनदा जावे लागू लागले, आणि पहिल्या चाळणीवर दुसरीतील शाखा ठरू लागली.

दुसरा निर्णायक बदल १९८३ चा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी व अन्य व्यावसायिक महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. नेरुळचे रामराव आदिक तंत्रशास्त्र संस्थेचे महाविद्यालय त्याच वर्षीचे. जागा वाढल्या म्हणजे स्पर्धा कमी होईल, असा तर्क कोणीही केला असता. प्रत्यक्षात उलटे घडले. अभियंता होणे ही मोजक्या घरांपुरती असलेली कल्पना मध्यम व कनिष्ठ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि जे आवाक्यात येते त्याचीच चिंता लागते. शुल्क परवडणारी सरकारी किंवा अनुदानित जागा आणि कर्ज काढून घ्यावी लागणारी जागा यांत काही गुणांचे अंतर उरले. ते अंतर प्रत्येक घरात मोजले जाऊ लागले. १९९० च्या दशकात 'लातूर पॅटर्न' हा शब्दप्रयोग राज्यभर रूढ झाला. मंडळाच्या गुणवत्ता यादीतील मुलांची पेढा भरवतानाची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत. मंडळाने पुढे २००० च्या दशकात ही यादी जाहीर करण्याची प्रथा बंद केली. छायाचित्रे मात्र शिकवणी वर्गांच्या फलकांवर गेली आणि संख्येने वाढली.

मुळ्याच्या रसाचा खटला

कोरियाच्या बाबतीत परीक्षेची परंपरा बरीच जुनी आहे. गोर्यो राजवटीत ९५८ मध्ये सुरू झालेली अधिकारी-निवडीची 'ग्वागो' परीक्षा १८९४ पर्यंत चालली. तथापि आजच्या स्पर्धेचे मूळ थेट त्या परीक्षेत शोधणे फारसे फलदायी नाही. जपानी अंमल, युद्ध आणि दारिद्र्य यांतून बाहेर पडलेल्या देशात जमीन-सुधारणेनंतर जुनी श्रीमंती मोडली होती. मुलाचे शिक्षण हेच कुटुंबाच्या हाती उरलेले भांडवल होते.

ही स्पर्धा किती खाली पोहोचली होती, याचे एक उदाहरण मुद्दाम सविस्तर देण्याजोगे आहे. डिसेंबर १९६४ मध्ये सोलमधील माध्यमिक शाळांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे जेमतेम बारा वर्षांच्या मुलांना, 'योत' या चिकट पारंपरिक मिठाईविषयी एक प्रश्न विचारण्यात आला. धान्याला मोड आणून केलेल्या पिठाऐवजी त्यात काय वापरता येईल, असा तो प्रश्न होता. अपेक्षित उत्तर 'डायस्टेस' हे होते. परंतु पर्यायांत मुळ्याचा रसही होता आणि मुळ्याच्या रसातही तोच पाचक घटक असतो. एका गुणाने प्रवेश हुकलेल्या मुलांच्या पालकांनी मुळ्याच्या रसाने प्रत्यक्ष योत तयार केली आणि ती घेऊन शिक्षण खात्याच्या दारात निदर्शने केली. प्रकरण न्यायालयात गेले. निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि ३८ मुलांना हव्या त्या शाळेत प्रवेश मिळाला. विनोदी वाटणाऱ्या या घटनेत पुढच्या सहा दशकांची बीजे आहेत : एका गुणाची किंमत, आईची जिद्द, आणि शेवटी न्यायालयाची पायरी. मराठी वाचकाला यातील तिसरी गोष्ट तरी अनोळखी वाटू नये.

त्यानंतर राज्यसंस्थेने जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा रद्द करण्याचा निर्णय १९६८ मध्ये जाहीर झाला आणि १९६९ पासून सोलमध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १९७४ मध्ये सोल आणि बुसान येथे 'समानीकरण' धोरण आले. त्यानुसार उच्च माध्यमिक शाळेतील प्रवेश गुणांनी न होता निवासाच्या विभागातून सोडतीने होऊ लागला. १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवरच बंदी घातली. ती हळूहळू सैल होत गेली आणि एप्रिल २००० मध्ये संविधान न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. दरम्यान १९९३ पासून महाविद्यालयीन प्रवेशासाठी 'सुनुंग' ही राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली होती. या परीक्षेच्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात आणि इंग्रजी श्रवण चाचणीच्या वेळी विमानांची उड्डाणे थांबवली जातात.

म्हणजे कोरियाने शाळेच्या दारावरची चाळणी काढून टाकली आणि सगळा भार शेवटच्या एका दिवसावर टाकला. मुले कमी दबलेली राहिली असे नाही. १९८९ मध्ये शाळकरी मुलांच्या आत्महत्येवर आलेल्या एका चित्रपटाचे शीर्षकच 'आनंद काही गुणानुक्रमाने मिळत नाही ना' अशा अर्थाचे होते. परंतु एक गोष्ट घडली. हुशार आणि ढ, सधन आणि निर्धन, शहाणी आणि मारामारी करणारी मुले एका खोलीत आली.

एकाच खोलीतील पहिला आणि शेवटचा

केबीएस वाहिनीने 'स्कूल' ही मालिका फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू केली. आर्थिक अरिष्टातून देश सावरत होता आणि 'वर्ग कोसळला' अशी चर्चा तेथील वृत्तपत्रांत चालू होती. २००२ पर्यंत मालिकेची चार पर्वे झाली. त्यानंतर दहा वर्षांनी, ३ डिसेंबर २०१२ ते २८ जानेवारी २०१३ या काळात, 'स्कूल २०१३' प्रसारित झाली. पुढे २०१५, २०१७ आणि २०२१ मध्येही नवी पर्वे आली. एका सार्वजनिक वाहिनीने दोन दशके अधूनमधून त्याच वर्गखोलीत परत जावे, ही बाब स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगी आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने ही पर्वे म्हणजे ठराविक अंतराने घेतलेली एकाच जागेची छायाचित्रे होत.

'स्कूल २०१३' मधील सुंगरी हायस्कूल हे सोलमधील गुणांच्या दृष्टीने तळाच्या शाळांपैकी एक आहे. दुसऱ्या इयत्तेची दुसरी तुकडी हा कथेचा गाभा. तिला दोन वर्गशिक्षक लाभतात. एक जंग इन-जे, कोरियन भाषेची कंत्राटी शिक्षिका. दुसरा कांग से-चान, खासगी शिकवणी वर्गांतील नामांकित अध्यापक, ज्याला शाळेचे गुण वाढवण्यासाठी आणलेले आहे. ती कविता शिकवू पाहते; तो परीक्षेत काय येईल ते शिकवतो आणि मुले त्याच्याच बाजूची असतात. महाराष्ट्रातील वाचकाला येथे २००० साली सुरू झालेली शिक्षण सेवक योजना आठवावी. ठरावीक मानधनावर तीन वर्षे काढणाऱ्या तरुण शिक्षकाचा वर्गातील अधिकार आणि संध्याकाळच्या क्लासमधील सरांचा अधिकार यांतील तफावत मराठी शाळांनाही चांगली ठाऊक आहे.

या तुकडीत वर्गात पहिली येणारी सोंग हा-ग्यंग आहे. आईच्या अपेक्षांखाली वाकलेला किम मिन-गी आहे. आणि घरातील मारझोड शाळेत घेऊन येणारा, सर्वांना धाक घालणारा ओ जंग-हो आहे. मालिकेत प्रेमकथा जवळजवळ नाही. कथा पुढे जाते ती या मुलांनी एकमेकांना सहन करण्यातून. पहिलीला शेवटच्याचा गोंगाट सहन होत नाही, शेवटच्याला पहिलीचा तुच्छतेचा कटाक्ष सहन होत नाही. शाळा सोडावी लागलेला जंग-हो शेवटच्या भागातही वर्गात परतत नाही, आणि दोन्ही शिक्षक त्याची वाट पाहात राहतात. दिग्दर्शकाने येथे विजय दाखवला नाही, हे त्याचे मोठेपण.

ही रचना लेखकांच्या कल्पनेइतकीच १९७४ च्या धोरणाचीही निर्मिती आहे. सोडतीने प्रवेश मिळत नसता, तर हा-ग्यंग आणि जंग-हो शेजारच्या बाकांवर बसलेच नसते. तसे पाहिले तर २०१३ पर्यंत ही व्यवस्थाही पोखरली गेली होती. परदेशी भाषांच्या आणि विज्ञानाच्या विशेष शाळा, तसेच २०१० नंतर वाढलेल्या स्वायत्त खासगी शाळा यांनी चांगले गुण असणारी मुले खेचून घेतली होती. सुंगरीसारख्या साध्या शाळेचा क्रमांक तळाला का गेला, याचे उत्तर मालिकेतील शिक्षकांत शोधून सापडत नाही. ते या धोरणबदलात आहे.

'अ' आणि 'फ'

'दहावी फ' मधील खोली वेगळी आहे. चित्रपटाच्या शीर्षकातच तिचा पत्ता आहे. मराठी शाळांत तुकड्यांना अ, ब, क, ड अशी अक्षरे देण्याची पद्धत प्रशासकीय सोयीची म्हणून सुरू झाली असावी. परंतु अनेक शाळांत वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून मुले वाटली जात आणि अक्षर हीच मुलाची ओळख होत असे. ज्या तुकडीत पूर्ण संस्कृत घेणारी मुले बसत ती 'हुशारांची'. जेथे चित्रकलेचे सर नसले म्हणजे कोणी फिरकत नसे ती शेवटची. पुढे सेमी इंग्रजीची तुकडी निघाली आणि वर्गवारीला भाषेचा आणखी एक धागा मिळाला. तुकडी गुणांवर पाडली जाते असे म्हटले जाई. पण गुण कोणाला पडतात हे घरातील जागा, दिवा, पुस्तके आणि वडिलांचे शिक्षण ठरवीत असल्याने 'फ' च्या हजेरीपटावरील आडनावे आणि 'अ' च्या हजेरीपटावरील आडनावे यांत फरक पडे. ही गोष्ट शाळेतील प्रत्येकाला माहीत असे. ती उच्चारली मात्र जात नसे.

चित्रपटात 'फ' तुकडीतील मुले अपमानाच्या रागातून शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले देशमुख सर त्यांना शिक्षेच्या वाटेवरून बाजूला घेतात आणि झालेले नुकसान स्वतःच्या कष्टाने भरून देण्याच्या वाटेवर आणतात. मुले कामे करतात, पैसे जमवतात. सुमित्रा भावे यांनी समाजकार्याच्या अध्यापनातून चित्रपटाकडे येण्याचा प्रवास केला होता. त्यामुळे या मुलांच्या घरांत कॅमेरा जातो तेव्हा दया दाखवण्यासाठी जात नाही. घरात कोण कमावते, मूल कुठे बसून अभ्यास करते, हे पाहण्यासाठी जातो. हा चित्रपट शाळांशाळांतून दाखवला गेला, शिक्षकांच्या प्रशिक्षणात चर्चिला गेला. त्याचे ते श्रेय निर्विवाद आहे.

असे असले, तरी एक मर्यादा दिसते आणि ती केवळ चित्रपटाची नाही. येथील संघर्ष दोन खोल्यांमधला आहे. 'अ' मधील मूल 'फ' मध्ये बसत नाही. त्याच्यावरचा ताण, त्याचे एकटेपण या कथेत फारसे येऊ शकत नाही, कारण ते मूल भिंतीपलीकडे आहे. उलट, हुशार मुलावरील दडपण सांगणाऱ्या कथांत 'फ' चे मूल नसते. मराठी पडद्यावर शालेय ताणाच्या या दोन कथा वेगवेगळ्या राहिल्या : एक गरीब मुलाच्या अवहेलनेची, दुसरी मध्यमवर्गीय मुलाच्या ओझ्याची. कोरियन मालिकेला ज्या दोघांना समोरासमोर बसवता आले, त्यांना मराठी कथेत भेटण्यासाठी प्रयोगशाळा फुटावी लागली.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत चित्र आणखी विरळ आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुण्याची 'बालचित्रवाणी' ही शासकीय संस्था १९८४ पासून शालेय कार्यक्रम तयार करीत होती. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तिचे काम अभ्यासक्रमाला पूरक होते, अभ्यासक्रमाच्या भाराविषयी नव्हते. केबीएसची 'स्कूल' ज्या वर्षी सुरू झाली त्याच १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली आणि तिच्या 'आभाळमाया' या मालिकेने घराघरांत स्थान मिळवले. तिची नायिका सुधा जोशी अध्यापन क्षेत्रातील होती, परंतु कथा तिच्या संसाराची होती. हिंदीत झी वाहिनीवर १९९८ पासून 'हिप हिप हुर्रे' ही शालेय मालिका चालली. तिच्यातील मुले महानगरातील सुखवस्तू इंग्रजी शाळेतील होती. मराठी मालिकांच्या मुख्य वेळेत वर्गखोली दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिल्याची उदाहरणे शोधावी लागतात. मराठी मालिकेने स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांचा तपशील जितक्या निष्ठेने नोंदवला, त्याच्या दशांशानेही फळा आणि बाक यांचा नोंदवला नाही.

आखलेल्या शहरातील शाळा

ही वर्गवारी आणखी पुढे गेली की काय होते, हे पाहण्यासाठी लेखाच्या आरंभीच्या शहराकडे परतावे लागते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर शहर आकाराला येऊ लागले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले आंदोलन आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेला गोळीबार हा या शहराच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले.

सिडकोच्या आराखड्यात शाळा ही विसरलेली बाब नव्हती. लोकसंख्येच्या प्रमाणात प्रत्येक सेक्टरमध्ये शाळांचे भूखंड राखले गेले आणि ते शैक्षणिक संस्थांना सवलतीच्या दराने देण्यात आले. मुंबईतील एका खोलीतून येथे घर घेऊन येणाऱ्या कुटुंबाला घराबरोबर चांगली शाळा मिळणे, हे या शहराचे मोठे आकर्षण होते. मे १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली आणि हा ओघ वाढला. वाशीतील फादर अ‍ॅग्नेल संकुल, रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय, नेरुळची डी. वाय. पाटील आणि एसआयईएस यांची संकुले, बेलापूर-खारघर पट्ट्यातील भारती विद्यापीठाच्या संस्था अशी नावे पाहता, शिक्षण हाच या शहराचा एक प्रमुख उद्योग झाला असे म्हणता येते.

परंतु आराखड्याला जे साधले नाही ते असे की, शाळा शेजारच्या मुलांची राहिली नाही. सेक्टरमधील शाळेत सेक्टरमधील सर्व मुले जातील, ही शेजारशाळेची कल्पना होती. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये ती राष्ट्रीय धोरणासाठीही सुचवली होती. प्रत्यक्षात माध्यम, शुल्क आणि मंडळ यांनुसार मुले वाटली गेली. मूळ गावठाणांतील आगरी-कोळी मुले आणि माथाडी वसाहतींतील मुले प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या, १९९२ नंतर महानगरपालिकेच्या, आणि अनुदानित मराठी शाळांत. सिडकोच्या व खासगी इमारतींतील मध्यमवर्गीय मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळांत. त्यावर राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ आणि आयसीएसई असा आणखी एक थर चढला. २००१ मध्ये शासनाने 'कायम विनाअनुदानित' तत्त्व स्वीकारल्यानंतर नव्या मराठी शाळा निघणे कठीण झाले आणि ही दरी रुंदावली. आपल्या शाळांतील मुले टिकावीत म्हणून पुढे महानगरपालिकेलाही केंद्रीय मंडळाच्या शाळा सुरू कराव्या लागल्या.

'दहावी फ' मध्ये 'अ' आणि 'फ' निदान एका प्रार्थनेला उभे राहत होते. नवी मुंबईत 'फ' तुकडी ही स्वतंत्र इमारत झाली. त्या इमारतीतील आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीतील मुले एकमेकांना प्रथम भेटतात ती अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या यादीत, गुणांच्या दोन ओळी म्हणून. मुंबई परिसरात ही प्रवेशपद्धती २००९ मध्ये सुरू झाली. तिच्या आगेमागे जे घडले ते मुळ्याच्या रसाच्या खटल्याची आठवण करून देणारे आहे. वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांना एका मापाने मोजण्यासाठी शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला, तोही रद्द ठरला. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' चे सूत्र उच्च न्यायालयाने फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तीन वर्षे लागोपाठ जून-जुलै महिन्यांत मुलांचे प्रवेश न्यायालयाच्या तारखांवर लटकत होते.

बापाचा हात

याच सुमारास, जानेवारी २०१० मध्ये, मुंबई परिसरातून विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागोमाग येऊ लागल्या. त्याच महिन्यात महेश मांजरेकर यांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' प्रदर्शित झाला. त्याच्या शीर्षकावरून वाद झाला आणि बातम्यांमुळे चित्रपटाकडे निराळ्या गांभीर्याने पाहिले गेले. भरत जाधव यांनी साकारलेला पिता क्रिकेटमध्ये रमलेल्या मुलावर गुणांसाठी हात उगारतो आणि मूल बेशुद्धावस्थेत जाते. पुढे तोच पिता शिक्षणव्यवस्थेविरुद्ध उभा राहतो. २०१२ मध्ये प्रकाश राज यांनी 'धोनी' या नावाने त्याची तमिळ-तेलुगू आवृत्ती काढली.

या चित्रपटाने दडपणाचे उगमस्थान घरात दाखवले. मराठी प्रेक्षकाला ते पटले, कारण तो प्रसंग त्याच्या घरातला होता. पण त्या घरातील बापाला धास्ती कशाची होती, हे पाहण्यासाठी कॅमेरा दाराबाहेर यायला हवा होता. कर्जाचा हप्ता, विनाअनुदानित जागेचे शुल्क, गावठाणातील शाळा आणि सेक्टरमधील शाळा यांतील अंतर ही त्या उगारलेल्या हातामागची कारणे आहेत. शिक्षणव्यवस्था या मोघम शब्दावर राग काढला की ती नजरेआड जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या राज्यांमध्ये सर्वाधिक होती. या सर्वांमागे परीक्षा हेच कारण होते, असे त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. कोरियातही तरुणांच्या मृत्यूच्या कारणांत आत्महत्या दीर्घकाळ पहिल्या क्रमांकावर आहे. मालिकांनी ते बदलले नाही. मात्र वर्गातील रिकाम्या बाकाकडे पाहण्याची सवय तेथील प्रेक्षकाला या मालिकांनी लावली.

२०२१ साल या दृष्टीने एक अनाहूत प्रयोग ठरले. महामारीमुळे दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. वाशीच्या कचेरीच्या इतिहासात प्रथमच जवळजवळ कोणीही अनुत्तीर्ण नव्हते. त्यानंतर काही दिवसांतच अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्ट रोजी स्वतंत्र सामाईक परीक्षा घेण्याचे शासनाने जाहीर केले. एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट रोजी ती रद्द केली, आणि प्रवेश त्याच अंतर्गत गुणांवर, नेहमीच्या याद्या लावून झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केबीएसवर 'स्कूल २०२१' सुरू झाली. तिच्यातील मुले या वेळी व्यावसायिक शिक्षणाच्या शाळेतील होती. महाविद्यालयाच्या शर्यतीत न उतरता काम शिकून नोकरी धरू पाहणारी. ओ जंग-हो ज्या दारातून बाहेर पडला होता, त्या दाराच्या पलीकडे वाहिनीने आठ वर्षांनी कॅमेरा नेला.